"मुलगी सावरली, मग मुलगा का नाही?" : स्किझोफ्रेनियातील विसरणे आणि स्त्री-पुरुषांतला फरक

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावाहून एक काकू गेल्या वर्षी माझ्याकडे येऊ लागल्या. (घरच्यांच्या संमतीने लिहीत आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांच्या दोन्ही मुलांना स्किझोफ्रेनिया हा गंभीर मनोविकार आहे. मुलगा २० व्या वर्षी, आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला असताना आजारी पडला. मुलगी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, बारावी करून निपाणीकडे सासरी गेलेली, एका मुलाची आई. तिचा आजार २९ व्या वर्षी उघड झाला. कानात आवाज येणे, संशय घेणे हे दोघांचेही औषधांनी आटोक्यात आले होते. काकूंची काळजी निराळी होती. "मॅडम, पोरगी सावरली बघा. घर करती, पोराचा डबा करती. ह्यो पोरगा का सावरंना? सांगितल्यालं दहा मिन्टांत इसरतोय. बायकांचं डोकं ह्या रोगात शाबूत राहतंय आणि गड्यांचं जातंय म्हंत्यात, खरं हाय काय?"

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला पुष्कळ घरांतून विचारला जातो, आणि त्याच्या पोटी बहुधा मुलावर आळशीपणाचा आरोप असतो. म्हणून मी प्रथम काकूंना एवढेच सांगितले की, लक्ष टिकवणे, ऐकलेले ध्यानात ठेवणे, झटपट विचार करणे, कामाचा क्रम लावणे या मेंदूच्या क्षमतांवर स्किझोफ्रेनियाचा थेट परिणाम होतो. आवाज आणि संशय यांवर औषधे जितकी गुणकारी ठरतात तितकी या क्षमतांवर ठरत नाहीत. आणि त्यामुळे मुलगा बाहेरून बरा दिसत असूनही बाजारातून काय आणायचे ते वाटेत विसरतो, यात त्याची कामचुकारी नाही. 'डोकं जाणे' हेही खरे नाही. १८९० च्या दशकात जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी या आजाराला अकाली बुद्धिभ्रंश अशा अर्थाचे नाव रूढ केले होते, पण प्रत्येक रुग्णाची बुद्धी ढासळत जात नाही हे पाहून स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑइगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये स्किझोफ्रेनिया हे नाव सुचवले. बहुतेकांमध्ये ही उणीव पहिल्या तीव्र झटक्याच्या आधीपासूनच थोडी असते आणि पुढे बरीचशी स्थिर राहते.

आता स्त्री-पुरुषांतला फरक. तो आहे, पण लोक समजतात तसा नाही. पुरुषांमध्ये आजार साधारणपणे विशीच्या आसपास सुरू होतो, स्त्रियांमध्ये सरासरी काही वर्षांनी उशिरा, आणि काही स्त्रियांमध्ये पाळी जाण्याच्या वयात प्रथमच दिसतो. इस्ट्रोजेन हे स्त्रियांमधले संप्रेरक (हार्मोन) मेंदूला काही अंशी संरक्षण देत असावे, असा यामागचा एक तर्क आहे. मला मात्र काकूंच्या घरात उशिरा येण्याचा दुसरा अर्थ अधिक मोलाचा वाटला. आजार येण्याआधी मुलीचे शिक्षण झाले होते, संसाराची कामे हाताला बसली होती, नवरा आणि मूल ही माणसे जोडली गेली होती. मुलाच्या हाती यातले काहीच आलेले नव्हते, कारण आयटीआयमधल्या लेथ यंत्रावर हात बसायच्या आतच तो आजारी पडला. हाताला बसलेले काम आजारातही पुष्कळदा टिकते. नवे शिकणे मात्र अवघड जाते.

शब्द लक्षात ठेवण्यात स्त्री-रुग्ण सरासरीने थोड्या पुढे असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे, तर काही अभ्यासांत फरक सापडलेला नाही. निरोगी स्त्री-पुरुषांतही शब्दस्मृतीचा असाच थोडा कल दिसतो, म्हणजे हा सारा फरक आजाराच्या माथी मारता येत नाही. पुरुष-रुग्णांत उत्साह आटणे, बोलणे कमी होणे ही लक्षणे सरासरीने अधिक असतात, आणि तीही विसरण्यासारखीच दिसतात. पण सरासरी म्हणजे आपल्यासमोर बसलेले माणूस नव्हे, आणि या घरात ते मला फार स्पष्टपणे पाहायला मिळाले.

मुलाच्या जुन्या कागदांवर स्मरणशक्ती अत्यंत कमी असल्याचा शेरा होता. चौकशीअंती कळले की शब्दांची यादी त्याला कन्नडमधून ऐकवली होती. मुलगा पहिलीपासून मराठी माध्यमात शिकलेला. त्याचे कन्नड बाजारहाटापुरते. आपल्या सीमाभागात ही गोष्ट वारंवार घडते, आणि ती कोणाच्या वाईट हेतूने घडत नसली तरी तिचे परिणाम रुग्ण वर्षानुवर्षे भोगतो. ज्या भाषेत माणूस विचार करतो त्याच भाषेत स्मरणाची चाचणी व्हायला हवी, आणि नातेवाइकांनी तसे न संकोचता मागावे. आमच्या मानसशास्त्रज्ञ सहकाऱ्यांनी तीच तपासणी मराठीतून घेतली तेव्हा गुण बरेच वाढले. तरीही तो त्याच्या वयाच्या आणि शिक्षणाच्या इतरांपेक्षा मागे होता, हे मी काकूंपासून लपवले नाही. शिवाय हातांची थरथर थांबवणारी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी तो कित्येक महिने घेत होता. ती गोळी स्मरणशक्ती मंदावते. मनोविकारतज्ज्ञांनी तिची गरज पुन्हा तपासून मात्रा हळूहळू उतरवली; असा बदल घरच्यांनी परस्पर कधीही करू नये.

मुलीला घेऊन या, असे मी म्हटले तेव्हा काकू चकित झाल्या. "तिला काय झालंय?"

तिची दिनचर्या सकाळपासून रात्रीपर्यंत विचारत गेले, आणि तासाभरात चित्र पालटले. मीठमसाल्याचा अंदाज सासूबाई घेत होत्या. दूध गॅसवर ठेवले की लक्ष ठेवायला नणंद होती. एकदा तिने रविवारी मुलाला गणवेश घालून शाळेच्या दारापर्यंत नेले होते. गोळ्या घेतल्या की नाही याचा तिला रोज घोळ होई, आणि तो लपवण्यासाठी ती कॅलेंडरमागे पेन्सिलीने खुणा करत असे. तपासणीत ऐकलेले शब्द सांगण्यात ती भावापेक्षा खरोखरच सरस होती. परंतु लक्ष टिकवणे आणि दोन कामे एका वेळी सांभाळणे यांत भावाच्याही मागे होती. भावाचे चुकणे बाहेर सर्वांसमोर उघडे पडले, बहिणीचे चुकणे घरातल्या तीन बायकांनी सावरून घेतले, आणि नवऱ्याने 'बायकांचं असंच असतंय' म्हणून सोडून दिले. तिची पाळी सात महिने थांबली होती, हेही तिने त्या दिवशी प्रथमच सांगितले. काही औषधांनी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून असे होते, आणि त्यावर उपाय असतो. आम्ही त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे पाठवले.

मुलाला तोंडी सूचना देणे घरच्यांनी थांबवले. चित्रे आणि आकृत्या त्याला चांगल्या समजतात, म्हणून कामाच्या पायऱ्या कागदावर काढून देऊ लागलो. बेळगावच्या रविवार पेठेत मामांच्या भुसार दुकानात तो आता सकाळचे तीन तास पोती मोजून चिठ्ठीवर खूण करतो. एका वेळी एकच चिठ्ठी. यंत्रावरचे काम सध्या नको, असे आम्ही ठरवले आहे. मुलीसाठी वारांचे कप्पे असलेला गोळ्यांचा डबा आणि मोबाइलचा गजर एवढेच आणले, पण खरे कष्ट सासूबाईंना पडले, कारण सुनेच्या हातातून काम काढून न घेता शेजारी थांबून तिला ते पुरे करू देणे त्यांच्या स्वभावाला फार जड गेले.

परवा काकू आल्या, तेव्हा मुलाने मामांकडे दोन पोती कमी मोजली म्हणून हिरमुसल्या होत्या. चूक त्याच्याच लक्षात आली होती आणि त्याने परत मोजून सांगितले होते, हे त्यांनी जाता जाता, पायऱ्या उतरताना सांगितले.