वजन गाडीचं की गाडीवाल्याचं?

गेल्या अंकात मी जाता जाता लिहून गेलो की कॉव्हेंट्रीतल्या माझ्या गॅरेजमध्ये मी मोटरसायकलच्या इंजिनाची चारचाकी बांधली आहे. वर्षभर गिअरबॉक्सवर लिहून आली नाहीत तेवढी पत्रं त्या एका वाक्यावर आली. त्यातली चार घेतो.

ज्यांना ही जात ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं आधी. इंग्लंडात १९५७ साली लोटस सेव्हन आली. नळ्यांचा सांगाडा, वर पत्रा, दार नाही की टप नाही. सुटे भाग घरी नेऊन जोडले तर खरेदीकर लागत नसे, म्हणून लोक ती खोक्यातून घ्यायचे. १९७३ मध्ये केटरहॅमनं तिचे हक्क घेतले, आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या गाड्या इथे आजही शेडमध्ये बांधल्या जातात. त्यात फोर्डच्या इंजिनाऐवजी यामाहा आर-१ किंवा सुझुकी हायाबुसाचं इंजिन ठेवलं की झाली आपली गाडी. बाईकच्या इंजिनाच्या पोटातच सहा गिअरची पेटी असते, त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून दोन माणसं उचलतात.

प्रश्न : काका, माझ्या गाडीत १९९८ च्या आर-१ चं इंजिन आहे, वजन ४६० किलो, मागचा डिफ (मागच्या चाकांना जोर देणारी शेवटची दातेरी पेटी) ३.६२ चा. मित्राची हायाबुसा इंजिनाची गाडी ४४० किलोची. तो ० ते ताशी ६० मैल वेग ३.२ सेकंदांत गाठतो म्हणतो, मला ४.३ लागतात. वीस किलोनं एवढा फरक पडतो का? बॉनेट आणि मडगार्ड कार्बन फायबरचे करून घेऊ का? (एक वाचक, लेस्टर)

पैसे खिशात ठेवा. आधी मला सांगा, हे ४४० कुठल्या काट्यावरचे?

मीही माझी गाडी ४२० किलोची म्हणून दोन वर्षं सांगत होतो. तो आकडा मी भागांच्या वजनांची बेरीज करून काढला होता. मग एका ओळखीच्या रेसवाल्यानं चारही चाकांखाली चार काटे ठेवले. ४५८! वायरिंग, तेल, पाणी, नटबोल्ट, आणि मी हौसेनं मारलेला रंग, हे माझ्या वहीत नव्हतंच. त्यात 'कोरडं वजन' नावाची एक थाप या धंद्यात सर्रास चालते. त्यात पेट्रोल धरत नाहीत. तीस लिटर पेट्रोल म्हणजे बावीस किलो. तुमच्यातला आणि मित्रातला सगळा फरक टाकीतच असू शकतो.

मग गडी म्हणाला, आता तू आत बस. मी ८४ किलोचा. ५४२ किलोंतले ८४, म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा मीच. चौदाशे किलोच्या घरगुती गाडीत माणूस बसला काय, उतरला काय, तिला पत्ता लागत नाही. या गाड्यांचं तसं नाही. शेजारी कुणाला बसवलं तर पिकअप मेलेला पार्श्वभागाला कळतो. त्यामुळे गाडी तोलायची ती चालवणाऱ्यासकट, नेहमीएवढं पेट्रोल भरून. त्याशिवाय दोन गाड्यांची तुलना करूच नका.

आता तुमचे ४.३. इथे एक गंमत आहे, आणि ती कळायला मला एक क्लच जाळावा लागला. तुमच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १०८ न्यूटन मीटर. फोर्डच्या दोन लिटर इंजिनावाले त्याला हसतात. पण बाईकच्या इंजिनात क्लचच्या आधी १.५८ चं एक रिडक्शन (फेऱ्या कमी करून जोर वाढवणारी दात्यांची जोडी) असतं, पहिला गिअर २.६ चा, त्यावर तुमचा डिफ ३.६२. गुणाकार करा, जवळपास १५ येतो. १०८ ला १५ नं गुणा आणि वाटेतली गळती वजा करा, तरी चाकापाशी एवढा जोर पोचतो की साधा टायर जागच्या जागी फिरेल. म्हणजे सुटताना अडचण इंजिनाची नाही. टायरची पकड संपते.

गाडी फक्त मागच्या चाकांनी ओढली जाते. उभी असताना मागे साधारण ५२ टक्के वजन; सुटताना ती मागे बसते तेव्हा ६३ टक्क्यांच्या आसपास. साध्या रस्त्याच्या टायरची पकड १ धरली, म्हणजे चाकावर जेवढं वजन तेवढाच जोर, तर गाडी ०.६३ जी पेक्षा जास्त वेगानं उचलूच शकत नाही. एक जी म्हणजे वेग दर सेकंदाला ९.८१ मीटरनं वाढणं, तर ०.६३ जी म्हणजे ६.२ नं. ६० मैल म्हणजे सेकंदाला २६.८ मीटर. भागाकार करा : ४.३ सेकंद. तुमचाच आकडा! तुम्ही कमी पडलेला नाहीत, उलट फार नीट सुटता आहात.

या हिशोबात वजन कुठे आलं? कुठेच नाही. जड गाडी टायर जास्त दाबते, हलकी कमी दाबते, आणि दोघी सारख्याच उचलतात. निदान पहिल्या पन्नास मैलांपर्यंत. तुमचं कार्बन फायबर ०ते ६० मध्ये तुम्हाला काही देणार नाही.

मित्राकडे बहुधा ट्रॅकचे मऊ टायर असतील. पकड १.२ धरली तर मागे बसणारं वजनही वाढतं, आणि वेळ साडेतीनच्या आसपास येतो. त्यात तो अमेरिकन पद्धतीनं मोजत असेल, म्हणजे सुटल्यावरचा पहिला एक फूट सोडून. त्या एका फुटात पाव सेकंद जातो. झाले ३.२. मित्र खोटं बोलत नाही, तुम्ही दोघं वेगवेगळ्या पट्ट्यांनी मोजताय इतकंच. टायर एकमेकांना द्या आणि एकाच यंत्रानं मोजा, मग भांडा.

डिफ बदलू का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढच्या पत्रात विचारणार. १८५/६०-१३ च्या टायरवर, इंजिनाच्या मिनिटाला ११,५०० फेऱ्यांना तुमचा पहिला गिअर ५० मैलांवर संपतो. ३.१४ चा डिफ बसवलात तर ५७-५८ वर. म्हणजे उरलेल्या दोन-तीन मैलांसाठी गिअर टाकावा लागणारच. पण कानांसाठी जरूर बदला. आज मोटरवेवर ७० मैलांना सहाव्या गिअरमध्ये तुमचं इंजिन ६,९०० फेऱ्यांवर ओरडत असेल, ३.१४ नं ते ६,००० वर येईल. तेवढ्या फरकात शेजारचा माणूस काय म्हणतो ते ऐकू यायला लागतं. (माझ्या बायकोला हा फायदा वाटत नाही.)

खरी तुलना करायची असेल तर सँटा पॉड या इंग्लंडातल्या शर्यतीच्या मैदानावर, पाव मैलाच्या सरळ पट्टीवर जा आणि तिकिटावरच्या वेळेकडे पाहू नका. शेवटचा वेग पाहा. वेळेत सुटणं, टायर, क्लच सगळं मिसळलेलं असतं. शेवटचा वेग मात्र ताकद भागिले वजन यावर ठरतो, आणि तोही घनमुळानं. तुमचे १५० पीएस (अश्वशक्ती), त्याचे १७५, शिवाय तो वीस किलोनं हलका. तरी तुम्ही ११० मैलांनी पोचलात तर तो ११७ च्या आतबाहेर. घनमूळ फार कंजूष असतं. केटरहॅमचीच दोन टोकं बघा : ६५८ सीसीच्या सुझुकी इंजिनाची १७०, ८४ बीएचपी (हीही अश्वशक्तीच), ४४० किलो, ६० मैलांना ६.९ सेकंद. आणि सुपरचार्जरवाली ६२०आर, ३१० बीएचपी, २.७९ सेकंद. ताकद पावणेचारपट केली, वेळ अडीचपटच कमी झाला.

मग हलकेपणा कशाला? ब्रेकला, वळणाला आणि साठच्या पुढे. तिथे मात्र प्रत्येक किलो बोलतो. कमी करायचाच असेल तर बॅटरीपासून सुरुवात करा. लिथियमची लहान बॅटरी घ्या, बॉनेटपेक्षा कितीतरी स्वस्तात पडते.

प्रश्न : लांब वळणावर तेलाचा दिवा लुकलुकतो आणि सरळ रस्त्यावर विझतो. दिवा खराब असेल का? (एक वाचक, स्लाव)

दिवा ठणठणीत आहे. गाडी उभी करा.

बाईक वळताना झुकते, त्यामुळे तेलाला वाटतं आपण खालीच चाललोय आणि ते सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) तळाशी राहतं. गाडी झुकत नाही. चांगल्या टायरवर वळणात आडवा जोर गुरुत्वाकर्षणाएवढा होतो, तेल पंचेचाळीस अंशांत एका भिंतीवर चढतं आणि पंप हवा ओढतो. माझ्या पहिल्या इंजिनाचं बेअरिंग असंच एका ट्रॅकवर, उजवीकडच्या लांब वळणात गेलं. मीही दिव्याची वायर सैल असेल असं समजून आणखी चार फेऱ्या मारल्या होत्या. आवाज आला तो पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा.

सम्पमध्ये आडव्या पट्ट्या टाका, तेल वरच्या खुणेच्या किंचित वर ठेवा. ट्रॅकवर नेहमी जाणार असाल तर ड्राय सम्पशिवाय (तेल वेगळ्या टाकीत ठेवण्याच्या रचनेशिवाय) गत्यंतर नाही.

प्रश्न : माझा मुलगा डर्बीला नोकरीला आहे. तोही अशी गाडी बांधतोय. तिला मागे जाताच येत नाही असं म्हणतो. खरं की माझी चेष्टा करतोय? (एक वाचक, ठाणे)

ताई, खरं आहे. बाईकला रिव्हर्स लागत नाही, म्हणून तिच्या गिअरपेटीतही नसतो. ब्रिटनच्या नियमात रिकाम्या ४१० किलोंच्या वरच्या चारचाकीला मागे जाता आलंच पाहिजे, त्यामुळे बरेच जण गाडी कशीबशी ४१० च्या आत बसवायचा प्रयत्न करतात. बाकीचे प्रॉपेलर शाफ्टवर (इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यावर) दाताचं चाक बसवून त्याला स्टार्टरच्या मोटरनं उलटं फिरवतात. आवाज मिक्सरमध्ये सुपारी टाकल्यासारखा येतो. त्याला विचारा, काट्यावर किती भरली. उत्तर द्यायला वेळ लागला तर समजा ४१० च्या वर गेली.

प्रश्न : आम्ही पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजची फॉर्म्युला भारतची (विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रेसगाड्यांच्या स्पर्धेची) टीम. सध्या केटीएम ३९० चं इंजिन आहे, गाडी २१८ किलो. सीनियर म्हणतात ६०० सीसीचं चार सिलिंडरचं जुनं इंजिन आणा, ७५ मीटरच्या स्पर्धेत वेळ निम्मा होईल. आणावं का?

निम्मा? पोरांनो, सीनियरांना कागद द्या. एक जी नं सतत उचललं तरी ७५ मीटरला ३.९ सेकंद लागतात. त्याच्या खाली फार जायचं तर इंजिनाआधी टायर हवा आणि मागच्या चाकांवर वजन हवं.

शिवाय तुमच्या नियमात पेट्रोल इंजिनानं सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातून ओढायची असते. ते भोक चार सिलिंडरच्या मोठ्या इंजिनाचा गळा जास्त आवळतं; ३७३ सीसीच्या एका सिलिंडरला त्याचा जाच बराच कमी. चौघांचं इंजिन जड, रेडिएटर मोठा, इंजिन धरायला सांगाडाही जाड. ताकद नक्की वाढेल, ती मी नाकारत नाही, पण त्या गाडीला जमवून घ्यायला तुमचं एक वर्ष जाईल. तुमचं ३९० चाकणला बनतं. पार्ट बिघडला तर संध्याकाळपर्यंत हातात. जुन्या जपानी इंजिनाच्या एका गास्केटसाठी मी इथे इंग्लंडात तीन आठवडे थांबलोय.

मी असतो तर ३९० च ठेवलं असतं आणि वर्षभर फक्त सुटण्याचा सराव केला असता : क्लच कुठे सोडायचा, किती फेऱ्यांवर, टायर किती गरम.

बाकी पत्रात गाडीचं वजन लिहिलंत. ड्रायव्हरचं लिहिलेलं नाही. पुढच्या पत्रात तोही आकडा पाठवा, आणि काट्यावरून उतरायच्या आत लिहून घ्या.