फॅसिया आणि शरीराच्या ठेवणीवर हातांनी काम करणारी थेरपिस्ट व्हायचं असेल तर प्रशिक्षणात नेमकं काय शिकावं लागतं?

तुम्ही तपशिलात लिहिलंय की काम ऑफिसातलं आहे, काही वर्षं योगवर्ग घेता, वैद्यकीय शिक्षण नाही, आणि दोन दिवसांत 'फॅसिया थेरपिस्ट'चं सर्टिफिकेट देणाऱ्या कोर्सची जाहिरात पाहून हा प्रश्न पडला. या वयात सुरुवात करता येईल का, असंही विचारलंय. मी स्ट्रक्चरल इंटिग्रेशनचं, म्हणजे स्नायूंना गुंडाळणाऱ्या फॅसियावर हातांनी काम करून शरीराची ठेवण बदलू पाहण्याचं, काम करते आणि प्रशिक्षणवर्गांत सहायक म्हणूनही असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थेट उत्तर. वैद्यकीय पदवी नसली तरी हे काम शिकता येतं. दोन दिवसांत मात्र येत नाही. आणि कोर्स निवडताना माहितीपत्रकात कुठली थिअरी छापलीय याला फार महत्त्व देऊ नका. शिक्षकाच्या डोळ्यांसमोर तुमचे हात किती वेळ दुसऱ्याच्या शरीरावर असणार आहेत, तेवढं विचारा. हे काम हातांना यावं लागतं, आणि हातांना शिकायला वेळ लागतो.

या क्षेत्राचा उगम आयडा रॉल्फ (१८९६–१९७९) यांच्या कामात आहे. त्या मूळच्या बायोकेमिस्ट. १९२० साली कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन केलं. स्नायूंना गुंडाळणारं आणि एकमेकांशी जोडणारं जे संयोजी ऊतक, म्हणजे फॅसिया, त्यावर हातांनी काम करून माणसाचं गुरुत्वाकर्षणात उभं राहणं बदलता येईल का, हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास होता. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एसालेन या शिबिरकेंद्रात त्यांच्या कामाचा बोलबाला झाला आणि १९७१ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरला त्यांची संस्था उभी राहिली. त्यांच्या पद्धतीचं 'रॉल्फिंग' हे नाव त्या संस्थेचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, त्यामुळे इतर शाळांतून शिकलेले लोक स्वतःच्या कामाला स्ट्रक्चरल इंटिग्रेशन म्हणतात. पुढे जोसेफ हेलर, टॉम मायर्स यांच्यासारख्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या. २००२ मध्ये या सगळ्या शाळांना एकत्र आणणारी आंतरराष्ट्रीय संघटनाही झाली. जाहिरातीत नावं वेगवेगळी दिसली तरी गोंधळून जाऊ नका, मूळ घराणं बहुतेकदा हेच असतं.

रॉल्फ यांची दहा सेशन्सची मालिका आजही प्रशिक्षणाचा कणा आहे. पहिलं सेशन श्वास आणि बरगड्यांचं, दुसरं पावलं आणि गुडघ्याखालच्या पायाचं, तिसरं शरीराच्या दोन्ही कडांचं. चौथ्यापासून सातव्यापर्यंत आत जायचं: मांडीची आतली बाजू, पोट आणि सोअस (कंबरेच्या कण्यापासून मांडीपर्यंत जाणारा खोल स्नायू), पाठ आणि त्रिकास्थी (कण्याच्या तळाचं हाड), शेवटी मान आणि डोकं. उरलेल्या तीन सेशन्समध्ये नवीन काही उकरायचं नाही, झालेलं सगळं एकमेकांशी जुळवायचं. विद्यार्थ्याने ही मालिका आधी स्वतःच्या अंगावर घ्यावी, असा बहुतेक शाळांचा आग्रह असतो. तो अगदी रास्त आहे. तुम्ही अजून घेतली नसेल तर फी भरण्याआधी तेवढं करा. काम आपल्याला भावतंय की नुसती त्याची कल्पना, ते तिथेच कळतं.

आता शिकण्याबद्दल. शरीररचना पाठ करावी लागते, त्यातून सुटका नाही. पण पुस्तकातला स्नायू आणि बोटांखालचा स्नायू यांची गाठ पडायला वेळ लागतो. आमच्या वर्गात सुरुवातीला होणारा एक सराव सांगते. जोडीदार उताणा झोपलेला. त्याच्या गुडघ्याच्या थोडं खाली, नडगीच्या बाहेरच्या कडेला, सैल मुठीची पेरं टेकवायची. तेल नाही, कारण हात घसरला की थर पकडता येत नाही. टेबल आपल्या नेहमीच्या अंदाजापेक्षा बरंच खाली. एक पाय पुढे, एक मागे, मनगट सरळ, आणि अंगाचा भार हळूच हातावर येऊ द्यायचा. दाबायचं नाही, नुसतं रेलायचं. आधी त्वचा हलते, मग तिच्याखालचा मऊ थर, मग एक ठिकाण असं येतं की आत जाणं थांबतं. तिथे आपणही थांबायचं.

नवीन विद्यार्थी नेमका इथे थांबत नाही. काहीतरी करून दाखवायचं म्हणून तो जोर लावतो. शिक्षक येऊन त्याच्या हातावर आपला हात ठेवतात आणि दोघांचे हात तसेच स्थिर राहतात. काही श्वासांनंतर खालचा प्रतिकार थोडा सैलावतो. मग जोडीदाराला सांगायचं, चवडा सावकाश नडगीकडे ओढ, आता सावकाश खाली सोड. पेरांखाली स्नायू भरून येतो, ओसरतो, आणि एखाद्या जागी तो नीट सरकत नाहीये हे जाणवतं. ते पहिल्यांदा जाणवलं की विद्यार्थ्याचा चेहराच बदलतो. हा क्षण व्हिडिओ बघून येत नाही. म्हणूनच शिक्षकाचा हात जवळ असण्यावर माझा एवढा भर आहे.

त्याच वेळी डोळे जोडीदाराच्या अंगभर फिरत असायला हवेत. श्वास अडकला? पायाची बोटं आखडली? जबडा आवळला, विरुद्ध बाजूचा खांदा उचलला गेला? तो तोंडाने 'ठीक आहे' म्हणत असला तरी शरीर नको म्हणतंय. भार कमी करा, थांबा, विचारा. दुखल्याशिवाय गुण येत नाही ही समजूत या क्षेत्रात बराच काळ होती. पूर्वीच्या रॉल्फिंगची ख्यातीच वेदनादायक म्हणून होती. आता चांगल्या शाळा तसं शिकवत नाहीत. वेदना सोसायला लावणारा शिक्षक दिसला तर तिथून निघा.

दुसरा मोठा भाग बघायला शिकण्याचा. माणूस समोर उभा असतो आणि वर्ग त्याच्याकडे बघत असतो: भार टाचांवर आहे की चवड्यांवर, ओटीपोट पुढे कललंय का, छाती कंबरेच्या मानाने मागे गेलीय का, चालताना कुठला हात कमी हलतो. सुरुवातीला सगळे दोष शोधायला लागतात. चांगला शिक्षक तिथे अडवतो आणि दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला लावतो: काय दिसलं, आणि त्यावरून तुम्ही काय तर्क केला. उजवा खांदा खाली आहे हे दिसणं. तो डाव्या खुब्यामुळे खाली आहे हा तर्क, आणि तो तपासावा लागतो. तुमचा योगवर्गांचा अनुभव इथे फार कामी येईल. शरीरं बघायची सवय तुम्हाला आहेच. फक्त दिसलं की लगेच सुधारायचं, हा शिकवणाऱ्यांचा हात थोडा आवरावा लागेल.

थिअरीबद्दल मनापासून एक सांगायचंय, कारण जाहिरातींमध्ये सगळ्यात जास्त भूलथापा इथेच असतात. 'हाताच्या दाबाने फॅसिया वितळतो', 'चिकटलेले थर सुटतात', 'फॅसिया लांब होतो' ही वाक्यं तुम्ही वाचली असतील. २००८ मध्ये एका गणिती मॉडेलने दाखवलं की तळव्याचा फॅसिया किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूचा फॅसिया लाटा यांच्यासारख्या दणकट थरात अवघा एक टक्का बदल घडवायलाही हाताने देता येईल त्यापेक्षा कितीतरी जास्त बळ लागेल. त्या अभ्यासकांमध्ये स्वतः रॉल्फिंग करणारे रॉबर्ट श्लाइप होते. म्हणजे हे विरोधकांनी उकरून काढलेलं नाही, घरातल्याच माणसांनी प्रामाणिकपणे तपासलेलं आहे. मग हाताखाली जे सैलावतं ते काय? फॅसियात मज्जातंतूंची टोकं भरपूर असतात. संथ स्पर्शाने मज्जासंस्था स्नायूंचा ताण उतरवते, हे स्पष्टीकरण आज जास्त पटण्याजोगं आहे. इटलीतल्या पाडुआ विद्यापीठाच्या कार्ला स्टेक्को यांनी थरांच्या मधल्या हायलुरोनन या निसरड्या पदार्थाचा अभ्यास केलाय. थर एकमेकांवरून सरकण्याशी त्याचा संबंध आहे, आणि सरकणं बदलतं का हाही एक धागा आहे. चित्र अजून पूर्ण नाही.

टॉम मायर्स यांच्या मायोफेशियल रेषांचंही, म्हणजे स्नायू आणि फॅसिया यांच्या अंगभर जाणाऱ्या सलग साखळ्यांचंही, तसंच. देखणा नकाशा आहे, शिकताना खूप उपयोगी पडतो. पण २०१६ मध्ये जर्मन संशोधकांनी शवविच्छेदनाचे अभ्यास गोळा करून पाहिले, तेव्हा तळव्यापासून पाठीमागून वर जाणाऱ्या रेषेला भक्कम आधार सापडला, तर शरीराच्या पुढच्या वरवरच्या रेषेला सापडला नाही. नकाशा वापरा, त्याला प्रदेश समजू नका.

ठेवणीचंही सांगते, कारण क्लायंट याच शब्दावर येतात. उभं राहण्याची एकच बरोबर रीत नसते, आणि ठेवण व दुखणं यांचं नातं लोकांना वाटतं तेवढं सरळ नाही. वाकलेल्या पाठीची कितीतरी माणसं बिनदुखीची असतात, ताठ माणसांचीही पाठ दुखते. म्हणून 'तुमचा कणा बिघडलाय', 'ओटीपोट जागेवरून सरकलंय' असं क्लायंटला कधीही सांगू नका. माणूस ते वाक्य वर्षानुवर्षं मनात धरून बसतो आणि वाकायला घाबरतो. त्याला हालचालीचे आणखी पर्याय मिळाले, श्वास मोकळा झाला, उभं राहायला कष्ट कमी पडले, एवढं झालं तरी ते मोलाचं काम आहे. माझा या कामावर जीव आहे तो याच्यासाठीच.

सुरक्षिततेत सवलत नाही. रक्ताच्या गुठळीचा संशय, ताप, ताजी इजा किंवा सूज, धमनीचा फुगवटा असेल तर हात लावायचा नाही. हाडं ठिसूळ असतील, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, कर्करोगाचे उपचार चालू असतील, गर्भारपण असेल तर डॉक्टरांशी बोलूनच, आणि काम बदलून. गळ्याची पुढची बाजू, काख, जांघ, गुडघ्याची मागची खळगी इथे रक्तवाहिन्या आणि नसा वरवर असतात, तिथे कोपर घालायचं नाही. पाठदुखीबरोबर जांघांच्या मधला भाग बधिर झालाय किंवा लघवीवरचा ताबा सुटलाय असं कुणी म्हणालं, तर सेशन विसरा, त्याला ताबडतोब इस्पितळात पाठवा. आपण निदान करत नाही, कुठे थांबायचं ते ओळखतो. हे प्रकरण अभ्यासक्रमात घाईने उरकलं जात असेल तर तो कोर्स घेऊ नका.

संमतीचंही प्रशिक्षण हवं. समोरचा माणूस कमी कपड्यांत, आडवा, आणि तुम्ही त्याच्या अंगावर रेललेले. कुठे हात ठेवणार ते आधी सांगायचं, परवानगी मागायची, 'थांबा' म्हटल्याक्षणी हात उचलायचे. काही जणांना टेबलवर रडू येतं. तेव्हा पांघरूण नीट करून शांतपणे सोबत बसावं, त्यांच्या आयुष्याचा अर्थ लावू नये. गरज दिसली तर समुपदेशकाकडे जायला सुचवावं.

आणि तुमचं स्वतःचं शरीर. या व्यवसायात लोक अंगठ्यांनी बाद होतात. अंगठ्याच्या बुडाचा सांधा सतत दाबाखाली राहिला की तो झिजतो. पहिल्या दिवसापासून पेरं, मनगट ते कोपर हा हाताचा भाग आणि कोपर यांच्यावर काम वाटून द्यायला शिका, अंगठा फक्त बारीक जागांसाठी ठेवा. तुम्ही विचारलंत तसं, या वयात सुरुवात करायला काहीच हरकत नाही, पण टेबलची उंची आणि पायांची ठेवण यांच्याकडे विशीतल्या विद्यार्थ्यापेक्षा जास्त लक्ष द्यावं लागेल.

कोर्सवाल्यांना विचारताना असं विचारा: एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असतात? बाहेरच्या क्लायंटवर पूर्ण मालिका शिक्षकाच्या देखरेखीखाली करायला मिळते का? नापास कुणी होतं का, आणि कशावरून? सर्टिफिकेटवर तुम्ही जिथे काम करणार तिथे कायद्याने माणसांना हात लावता येतो का? हे शेवटचं तर शाळेच्या शब्दावर सोडू नका, देशागणिक नियम वेगळे आहेत, स्वतः चौकशी करा. ऑनलाइन भाग शरीररचनेपुरता असेल तर चांगलंच. स्पर्शाचा भागही ऑनलाइन असेल तर पैसे वाचवा.

नोकरी लगेच सोडू नका. चांगल्या शाळांचे वर्ग टप्प्याटप्प्याने असतात, आणि दोन टप्प्यांच्या मधला काळ सरावासाठीच असतो. त्या काळात ओळखीच्या माणसांवर, तुम्ही शिकलात तेवढंच काम, संथपणे करत राहा आणि दर वेळी नोंद ठेवा: काय दिसलं, हाताला काय लागलं, काय केलं, उठून चालल्यावर त्यांना काय वाटलं. पुढच्या टप्प्याला जाताना ती वही बरोबर न्या. शिक्षकाला विचारायचे तुमचे खरे प्रश्न तिच्यातूनच निघतील.