घाटासाठी ८० बीएचपी की ११०?

गुहागरला बदली झालीय, चिपळूण-कराड फेऱ्या होणार, हात अजून बसलेला नाही, आणि ८० बीएचपीची साधी पेट्रोल गाडी घ्यावी की ११० ची टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारी), असं तुम्ही विचारलंत. मी या रस्त्यांवर वीस वर्षं गाडी चालवतोय. माझं मत साध्या गाडीला.

बीएचपी म्हणजे इंजिनाची कमाल ताकद, आणि तो आकडा इंजिन पाच-सहा हजार आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर फिरतं तेव्हाचा. कुंभार्ली घाटाच्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये तुम्ही असता पंधराशे-दोन हजारांवर. तिथे गाडी किती ओढते ते बघा. बऱ्याच छोट्या टर्बो गाड्या पंधराशेच्या खाली मरगळलेल्या असतात आणि मग एकदम उसळतात. नवख्या पायाला ते सांभाळणं जड जातं. टर्बो नसलेलं चार सिलिंडरचं इंजिन जोर कमी लावेल, पण पाय जेवढा दाबाल तेवढंच देईल. शिवाय चार सिलिंडरमध्ये दर अर्ध्या फेरीला एक स्फोट होतो, तीनमध्ये दोन तृतीयांश फेरीला. म्हणून हळू चालताना तीनची थरथर जास्त जाणवते.

क्लचकडे मात्र सगळ्यात जास्त लक्ष द्या. माझ्या आधीच्या गाडीचा क्लच पेडल अगदी वर आल्यावर पकडायचा. धोपाव्याला फेरीबोटीवर चढताना, भर पावसात, ती दोनदा बंद पडली. मागे गाड्यांची रांग, बाजूला खाडी. बायको घाबरून खाली उतरली. क्लचप्लेट झिजली होती. ती बदलल्यावर तीच गाडी लोण्यासारखी चालायला लागली. जुनी गाडी घेणार असाल तर हे आधी तपासा, आणि इंजिन ज्यांच्यावर बसतं ती रबरी माउंटिंगंसुद्धा.

ऑटोमॅटिक हवी असेल तर टॉर्क कन्व्हर्टरवाली घ्या, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पुढे पोचवणारी. एएमटी हा ऑटोमॅटिकचा दुसरा प्रकार; त्यात आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं यंत्र करतं. गिअर बदलताना चढावर झटका बसतो. हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय, दोन्ही प्रकारांत हवीच.

टायरमध्ये हवा दाराच्या चौकटीवर लिहिलीय तेवढीच भरा. जास्त भरली की वाडीतल्या जांभ्याच्या रस्त्यावर प्रत्येक खडा कमरेला कळतो.

शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला हायवेवर नेतील. तुम्ही परशुराम घाटात न्यायला सांगा. चढावर सुरक्षित जागा बघून गाडी थांबवा, मग एक्सलेटर जेमतेम दाबून निघा. दोन्ही गाड्या तशा चालवून बघा आणि काय जाणवलं ते इथे कळवा.