सामायिक सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपचं रिझोल्यूशन बदलता येत नाही, काय करू?

हिंजवडीतल्या सर्व्हरवर घरून लॉगिन केल्यावर डिस्प्ले सेटिंग करडं दिसतं, ते तसंच असतं. सेशनचा, म्हणजे लॉगिन केल्यावर उघडणाऱ्या तुमच्या डेस्कटॉपचा आकार सर्व्हर नाही, तुमचा लॅपटॉप ठरवतो. प्रत्येकाचं सेशन वेगळं, म्हणून तुमच्या बदलाचा इतरांना त्रास होत नाही.

आधी डिस्कनेक्ट करा. रिमोट डेस्कटॉप कनेक्शन उघडा, 'शो ऑप्शन्स', मग 'डिस्प्ले' टॅब. स्लायडर उजव्या टोकाला म्हणजे फुल स्क्रीन. डावीकडे ओढलात की १३६६ बाय ७६८ वगैरे आकडे येतात. 'जनरल' टॅबवर 'सेव्ह ॲज' करून फाइल डेस्कटॉपवर ठेवा, रोज तीच उघडा.

अक्षरं मुंगीएवढी दिसतात म्हणून रिझोल्यूशन कमी करत असाल तर उपयोग नाही. विंडो छोटी होते, अक्षरं तेवढीच राहतात. लॅपटॉपचं स्केलिंग, म्हणजे अक्षरं आणि चिन्हं किती मोठी दिसावीत ते, १५० टक्के करा आणि सर्व्हरवरून पूर्ण साइन आउट करून परत या, कारण आधीच उघडे असलेले प्रोग्राम जुनंच स्केलिंग धरून बसतात. साइन आउटने सगळं बंद होतं, काम आधी सेव्ह करा! सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तरच हे चालतं.

एका आकड्यापुढे रिझोल्यूशन जातच नसेल तर बहुधा ग्रुप पॉलिसीत, म्हणजे ॲडमिनने सगळ्यांसाठी लावलेल्या विंडोजच्या नियमांत, मर्यादा घातलेली असते. ती ॲडमिनलाच काढायला सांगा.