त्याग की बळी?

प्रश्न : सासूबाईंच्या आजारपणात मी नोकरी सोडली. सगळे ‘केवढा त्याग!’ म्हणतात. मला मात्र आतून राग येतो. मग माझा त्याग खोटा का?

उत्तर : ताई, खोटा मुळीच नाही. पण तो त्यागच आहे का, हे आधी पाहू. त्यागात माणूस स्वतःचं देतो. बळी दुसऱ्याचा दिला जातो. धर्मांनीही यावर खोल विचार केला आहे. इसवी सन ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडलं, तिथले पशुबळी थांबले आणि ज्यू धर्मात प्रार्थनेने त्यांची जागा घेतली. जनावराचं मांस किंवा रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचते ती तुमची निष्ठा, असं कुराणाच्या २२व्या सूऱ्यात आहे. गीतेचा १८वा अध्याय तर कर्तव्य सोडायला सांगतच नाही. आसक्ती आणि फळाची आशा सोडायला सांगतो.

माझ्या थोरल्या बहिणीची शाळा माझ्या शिक्षणापायी सुटली. तिच्या त्यागाचं कौतुक मी वर्षानुवर्षं केलं. साठी उलटल्यावर ती एकदा म्हणाली, “मी सोडली नाही रे. मला कुणी विचारलंच नव्हतं.” त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुम्हाला कुणी विचारलं होतं? नसेल, तर राग रास्त आहे. पती, दीर, नणंदा यांना एकत्र बसवा, सेवेचे वार वाटून घ्या, नोकरीचा विषय पुन्हा काढा. आणि सासूबाईंनाही त्या बोलण्यात घ्या. त्यांना काय हवंय, हेही बहुधा कुणी विचारलेलं नसेल.