डॉकर असताना अपाचे-टॉमकॅट हाताने कॉन्फिगर करायला शिकावं का?

शिकावं. डॉकर म्हणजे ॲप त्याच्या सगळ्या सामानासकट कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं टूल; अपाचे हा वेब सर्व्हर आणि टॉमकॅट हा जावा ॲप चालवणारा सर्व्हर. आता मुद्द्याचं सांगतो.

2014 साली पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो. सेंटओएस 6 या लिनक्सच्या मशीनवर टॉमकॅटमध्ये जेनकिन्स या बिल्ड आपोआप करणाऱ्या टूलची वॉर फाईल (जावा ॲपचं पॅकेज) टाकली, 8080 पोर्टवर चालू झालं. पोर्ट न टाकता उघडावं म्हणून पुढे अपाचे बसवला, आलेली विनंती 8080 कडे धाडणाऱ्या प्रॉक्सीपासच्या दोन ओळी लिहिल्या. ब्राउझरमध्ये 503, म्हणजे ‘सेवा उपलब्ध नाही’. त्याच मशीनवरून 8080 ला कर्ल (कमांडने पान मागवणारं टूल) मारला तर पान व्यवस्थित येतंय. अपाचेचं कॉन्फिगरेशन तपासणारं कॉन्फिगटेस्ट म्हणतंय ‘सिंटॅक्स ओके’. एरर लॉगमध्ये मात्र ‘परमिशन डिनाइड’. ते वाचून मी फाईलींच्या परवानग्या बदलत सुटलो, पार 777 पर्यंत, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं. हसू नका.

टीम लीड आले, म्हणाले, "सेटएनफोर्स 0 मार, सुटेल." सुटलं. कुठल्या प्रोग्रॅमने काय करावं यावर लिनक्समध्ये पहारा ठेवणाऱ्या एसईलिनक्सची सक्ती ही कमांड थांबवते. पण का सुटलं? ऑडिट लॉग (एसईलिनक्सच्या नकारांची नोंद) उघडला तर अपाचेच्या नावाने ‘नेम_कनेक्ट’ नाकारल्याच्या ओळीच ओळी. अपाचेने स्वतःहून दुसऱ्या पोर्टला जोडून घेणं एसईलिनक्सला मंजूर नव्हतं. त्यासाठी एक साधा स्विच असतो, एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट. एसईलिनक्स पुन्हा चालू केलं आणि असे स्विच बदलणाऱ्या सेटसेबूल कमांडला ‘-पी’ (बदल कायम ठेव) लावून तो 1 करायला घेतला. प्रॉम्प्ट परत येईना. अडकलं वाटून कंट्रोल-सी मारला, ‘-पी’ काढून चालवलं, क्षणात झालं.

सोमवारी लाईट गेली, यूपीएसनेही मान टाकली. मशीन उठलं ते 503 घेऊनच. ‘-पी’ नसेल तर बदल पुढच्या रीबूटपर्यंतच. लीड सगळ्यांदेखत म्हणाले, "म्हणून सांगतो, एसईलिनक्स बंद ठेवायचं." मी गप्प. अहो, पण सेटएनफोर्स 0 तरी कुठे रीबूटनंतर टिकतं? हे सुचलं तेव्हा मी घरी जायला निघालो होतो.

डॉकरने ही दुखणी जात नाहीत, फक्त जागा बदलतात. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या कंटेनरमधून 127.0.0.1:8080 ला प्रॉक्सी करून बघा, 502 येईल, म्हणजे मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर नाही. तिथे 127.0.0.1 म्हणजे तोच कंटेनर, शेजारचा टॉमकॅटचा नव्हे.

रोजच्या कामाला डॉकरच वापरा, मीही तेच वापरतो. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर असाल तर वरचं रामायण घडणारच नाही, तिथे एसईलिनक्स मुळात चालू नसतं. टॉमकॅट जुना असेल तर 8009 पोर्टवरचा एजेपी कनेक्टर (अपाचे-टॉमकॅट जोडायचा दुसरा मार्ग) तेवढा बंद करा, 2020 मधल्या घोस्टकॅट या सुरक्षा-त्रुटीत हल्लेखोर तिथूनच घुसत होते. आणि कुणी एसईलिनक्स बंद करायला सांगितलं, तर आधी त्याच्याकडे ऑडिट लॉगमधली ओळ मागा. लीड सर, वाचत असाल तर तुम्हालाही हेच.