थेम्सवरच्या छोट्या सेलिंग क्लबात नेमकं काय चालतं? शीड कधी हाताळलं नसेल तर कुटुंबासह सदस्य व्हावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लंडनमधल्या टेडिंग्टनच्या वर, प्रवाहाच्या उगमाकडच्या अंगाला, थेम्सकाठच्या एका गावात नुकतेच राहायला आला आहात. जवळच छोटा सेलिंग क्लब आहे. तुम्ही दोघांनीही शिडाची बोट कधी चालवलेली नाही, मुलगी आठ वर्षांची आहे. तिथे वर्षभर काय चालतं आणि सामील होण्यात अर्थ आहे का?

अर्थ नक्की आहे. मात्र वर्गणी भरली आणि बोट घेऊन निघालो, असा हा मामला नाही, हे आधी समजून घ्या. छोट्या क्लबात पगारी माणूस बहुधा एकही नसतो. शर्यत लावणं, सुरक्षा बोट चालवणं, गवत कापणं, हिशेब ठेवणं, चहा करणं, सगळं सदस्यांच्याच अंगावर. वर्षातून काही ड्यूट्या प्रत्येकाच्या वाट्याला येतात. नवे लोक त्या टाळायला बघतात. माझा सल्ला उलटा आहे: पहिल्याच महिन्यात सहायक म्हणून स्वतःहून नाव द्या. नदीवरचं सेलिंग जेवढं बोटीत बसून कळतं, तेवढंच काठावर झेंड्याची दोरी हातात धरून कळतं.

वर्षाचा क्रम साधारण ठरलेला असतो. मार्च-एप्रिलमध्ये श्रमदानाचा दिवस: जेट्टीच्या सडलेल्या फळ्या बदलायच्या, बॉया, म्हणजे शर्यतीचा मार्ग दाखवणाऱ्या पाण्यातल्या तरंगत्या खुणा, धुऊन त्यांच्या दोऱ्या तपासायच्या, क्लबच्या बोटी उलट्या करून तळ बघायचा. मग रविवारच्या शर्यती. उजेड उशिरापर्यंत राहतो त्या महिन्यांत आठवड्यातल्या एका संध्याकाळी हलकीफुलकी शर्यत, मुलांचा वेगळा वर्ग, अधूनमधून शेजारच्या क्लबांना आमंत्रण. शरद ऋतूत बक्षिसांचं जेवण आणि वार्षिक सभा. थंडीत ज्यांना राहवत नाही त्यांच्यासाठी ‘फ्रॉस्टबाइट’ मालिका. क्लबच्या प्रमुखाला कमोडोर म्हणतात, पण तुमचं रोजचं काम पडेल ते सेलिंग सेक्रेटरी आणि बोटींची देखभाल करणारा बोसन यांच्याशी.

आता ड्यूटी. त्या दिवसाचा शर्यत अधिकारी, म्हणजे ओओडी (ऑफिसर ऑफ द डे), तासभर आधी येतो आणि सगळ्यात आधी पाणी बघतो. बॉयाच्या वरच्या अंगाला पाणी कसं फुटतंय, बॉया कितपत कलला आहे, यावरून प्रवाहाचा जोर कळतो. कोकणातल्या खाडीवर वाढलेल्यांना पाणी सहा तासांनी फिरतं याची सवय असते. टेडिंग्टनच्या वर भरती पोचत नाही, पाणी कायम एकाच दिशेने वाहतं. म्हणून वारा मंद आणि प्रवाह जोरात असेल तर पहिला टप्पा नेहमी प्रवाहाविरुद्ध ठेवावा. ज्यांना वर चढता येत नाही ते निदान क्लबसमोरच राहतात. उलट केलं तर सगळ्या बोटी सुरुवातीच्या भोंग्याआधीच रेषेपलीकडे वाहून जातात, खालच्या बॉयापर्यंत मजेत पोचतात आणि परत येऊ शकत नाहीत. मग सुरक्षा बोटीला एकेकाला दोरी बांधून ओढत आणावं लागतं.

सुरुवातीचा क्रम पाठ करून ठेवा. पाच मिनिटं उरली की क्लासचा, म्हणजे बोटींच्या त्या जातीचा, झेंडा वर, भोंगा. चार मिनिटं उरली की ‘पी’ वर. हा निळा, मधे पांढरा चौकोन. एक मिनिट उरलं की ‘पी’ खाली. शून्याला क्लासचा झेंडा खाली. काही क्लब वेगळी मिनिटं वापरतात, फलकावर वाचून घ्या. वेळ झेंड्यावरून धरतात. भोंगा वाजला नाही तरी सुरुवात ग्राह्य असते, पण झेंड्याची दोरी अडकली तर सगळाच घोळ होतो. म्हणून दहा मिनिटं आधी प्रत्येक झेंडा एकदा वर-खाली करून बघायचा. कुणी रेषा आधीच ओलांडली असेल तर पांढऱ्यावर निळी फुली असलेला ‘एक्स’ आणि एक भोंगा. वारा मरायला लागला की ‘एस’ आणि दोन भोंगे, म्हणजे शर्यत इथेच आटोपती घेतोय. नदीवर ‘एस’ हाताशीच ठेवावा.

वेगवेगळ्या जातीच्या बोटी एकत्र धावतात, त्यामुळे निकाल पोर्ट्समथ यार्डस्टिकने लावतात. प्रत्येक जातीला एक आकडा असतो. आकडा मोठा म्हणजे बोट हळू. लागलेले सेकंद गुणिले १००० भागिले तो आकडा, ही सुधारित वेळ. लेझरचा आकडा ११००च्या आसपास, टॉपरचा १३६५च्या आसपास धरू. समजा लेझरने चार फेऱ्या ४४ मिनिटांत केल्या: २६४० सेकंद, सुधारित वेळ २४००, म्हणजे ४० मिनिटं. टॉपरच्या तीनच फेऱ्या झाल्या, ४० मिनिटांत. आधी चार फेऱ्यांचा हिशेब: ४० गुणिले ४ भागिले ३, म्हणजे ५३ मिनिटं २० सेकंद. त्याची सुधारित वेळ ३९ मिनिटं ४ सेकंद. टॉपर जिंकली. फेऱ्यांची नोंद चुकली की हा सगळा हिशेब कोसळतो, म्हणून सहायकाने प्रत्येक बोट समोरून गेली की शिडावरचा नंबर कागदावर लिहायचा. लक्षात ठेवतो म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

काठावरून दोन-तीन शर्यती नीट बघितल्यात की लक्षात येईल, जिंकणारे लोक नदीच्या मधोमध फार कमी वेळ असतात. वळणाच्या आतल्या बाजूला पाणी उथळ आणि संथ, बाहेरच्या बाजूला खोल आणि वेगवान. वर जाताना आतला काठ धरायचा, खाली येताना प्रवाहाच्या मुख्य धारेत राहायचं. काठाशी सेंटरबोर्ड, म्हणजे बोटीच्या तळातून पाण्यात सोडलेली फळी, थोडा वर घ्यायचा, नाहीतर तो चिखलात रुततो आणि बोट जागेवरच गोल फिरते. वाऱ्याचं गणित याच्या नेमकं आड येतं, कारण काठाला झाडं असतात आणि झाडांच्या आडोशाला वारा नसतो. बोर्न एंडचा अप्पर थेम्स क्लब (स्थापना १८८४) आणि सर्बिटनचा थेम्स सेलिंग क्लब (स्थापना १८७०) इथे ए-रेटर नावाच्या जुन्या घडणीच्या बोटी आजही धावतात. बोट साधारण ८ मीटर लांब, पण डोलकाठी १३ मीटरच्या आसपास, झाडांच्या डोक्यावरचा वारा धरता यावा म्हणून. तुमच्या छोट्या बोटीला तो मिळणार नाही. तेव्हा झाडांच्या रांगेतली फट शोधा आणि तिच्यासमोर पाण्यावर उठणारी गडद लहर बघून तिथेच वळा.

वळणं खूप येतात. अरुंद पात्रात वाऱ्याविरुद्ध जाताना मिनिटाला दोन-तीन वेळा टॅक करावा लागतो, म्हणजे बोटीचं तोंड वाऱ्यातून फिरवून शीड दुसऱ्या बाजूला घ्यायचं. टिलर (सुकाणूचा दांडा) हळू ढकलायचा, वजन वाऱ्याच्या बाजूलाच ठेवून बोट स्वतःकडे झुकू द्यायची, बूम (शिडाच्या खालची आडवी काठी) डोक्यावरून गेला की पलीकडे जाऊन बसायचं आणि बोट सपाट करायची. नवशिका टिलर एकदम जोरात ढकलतो. सुकाणू ब्रेक लावल्यासारखं आडवं होतं, बोट वाऱ्यात तोंड करून थांबते आणि मागे जायला लागते. अशा वेळी बूम आणि टिलर दोन्ही एकाच बाजूला ढकलून धरा. बोट आपोआप तिरकी होते, मग शीड ओढा.

नियमांपैकी दोन नदीवर सतत लागतात. काठ जवळ आला, वळायलाच हवं, आणि शेजारी दुसरी बोट आहे, तर ‘रूम टू टॅक’ असं ओरडायचं. समोरच्याने वळायचं किंवा लगेच ‘यू टॅक’ म्हणून जागा द्यायची. गरज नसताना ओरडणं हाही नियमभंगच. दुसरा, बॉयाला बोट लागली तर एक पूर्ण चक्कर मारायची. वरच्या बॉयाला वळसा घालताना प्रवाह बोटीला खाली, बॉयाच्या अंगावर ढकलतो. म्हणून बॉयाच्या पुढे बोटीची एक लांबी जास्त जाऊन मगच वळा.

सुरक्षा बोटीवर नवशिके दुसरा माणूस म्हणून जाऊ शकतात. चालवायला आरवायएचं (रॉयल यॉटिंग असोसिएशन) पॉवरबोट लेव्हल २ प्रशिक्षण बहुतेक क्लब मागतात. किल कॉर्ड, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी, मांडीला बांधल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. सुरू केल्यावर एकदा ती ओढून इंजिन खरंच बंद पडतं का बघायचं. उलटलेल्या बोटीकडे जाताना आधी डोकी मोजायची, मग बोटीचं बघायचं. माणसं जवळ आली की इंजिन बंद. डोलकाठीचं टोक गाळात रुतलं असेल तर सेंटरबोर्डवर उभं राहून जोर लावू देऊ नका, ती वाकते. टोक ज्या दिशेने आत गेलं त्याच दिशेने हळूहळू ओढून काढायचं. रोइंगवाल्यांकडेही लक्ष असू द्या, ते पाठमोरे येत असतात. त्यांना वेळेत हाक मारणं हे हक्क सांगण्यापेक्षा जास्त उपयोगाचं.

जोरदार पावसानंतर एन्व्हायर्नमेंट एजन्सी, म्हणजे नदी सांभाळणारी सरकारी संस्था, लॉकवर (बोटींना वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दरवाज्यांपाशी) फलक लावते: पिवळा म्हणजे प्रवाह वाढतोय किंवा ओसरतोय, लाल म्हणजे प्रवाह धोकादायक. लाल फलकावर क्लब पाण्यात उतरू देत नाही, आणि त्यावर वाद घालू नये. पाण्यातून आल्यावर हात साबणाने धुवा, जखम पाण्यात उतरण्याआधीच झाका. मुंबईच्या पावसाळ्यात ज्याच्या बातम्या येतात तो लेप्टोच इथे वील्स डिसीज या नावाने ओळखला जातो.

आठ वर्षांचं वय सुरुवातीला छान. मुलीसाठी ऑप्टिमिस्ट बोट, लांबी जेमतेम २.३ मीटर, एकच छोटं शीड. आरवायएची मुलांची योजना चार टप्प्यांची आहे. मोठ्यांसाठी लेव्हल १ आणि २, प्रत्येकी दोन दिवस. मुलांच्या वर्गाला पालकांपैकी एकाने काठावर थांबायचंच असतं. क्लबच्या वेलफेअर अधिकाऱ्याची, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेकडे बघणाऱ्याची, ओळख आधीच करून घ्या. पहिल्या मोसमात बोट विकत घेऊ नका, क्लबच्या बोटी वापरा. पुढे घेतलीत तर थर्ड-पार्टी विमा आणि नदीवरची नोंदणी लागते. नोंदणी क्लबमार्फत होते की स्वतः करायची, ते सेक्रेटरीला विचारा. खर्च करायचाच तर आधी अंगाला घट्ट बसणारं ५० न्यूटनचं बॉयन्सी एड (तरंगायला मदत करणारं जाकीट) आणि वेटसूट घ्या. एप्रिलमध्ये ऊन असतं, पाणी मात्र हिवाळ्याचंच असतं, आणि पडल्यावर पहिलं मिनिट श्वासच सापडत नाही.

गॅलीची, म्हणजे क्लबच्या स्वयंपाकघराची, ड्यूटी आली तर चहाचा मोठा अर्न सगळ्यात आधी लावा, उकळायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. बेकन रोल ठरलेले असतात, पण तुम्ही भजी किंवा पोह्यांचा बेत केलात तर कुणी नको म्हणणार नाही. ओळखी तिथेच होतात, निकाल लागेपर्यंत सगळे तिथेच बसलेले असतात.

पहिल्या भेटीला रविवारी शर्यतीच्या तासभर आधी जा. नव्यांसाठी बोटी किती, वर्षाला ड्यूट्या किती, शिकवणारे कोण, एवढं विचारा. सोबत टॉवेल आणि बदलायचे कपडे ठेवा. वाऱ्याचा दिवस असेल तर दोघांच्या बोटीसाठी कुणीतरी जोडीदार शोधत असतोच.